विश्वासरावांचं नाक

"ही बघा, काका." डॉक्टर शरच्चंद्रानं काचेच्या दोन बशा खिडकीशी धरल्या. एकीत काळी बुरशी माजली होती, दुसरी स्वच्छ होती. "दोन्हींत तुमच्याच नाकातली बुरशी पेरली होती. हिच्यात तुमच्या कारखान्यातली, मुरंबा टिकवायची बेंझोएटची पावडर घातली, तर काही उगवलंच नाही."

विश्वासराव तोंडानं श्वास घेत बघत राहिले. गालांच्या हाडांत खडे भरल्यासारखं दुखत होतं. आधी दरबारच्या आणि आता सरकारच्या मुरंबा-सरबताच्या कारखान्यात त्यांचं काम एकच. बरणी उघडायची, नाक आत घालायचं आणि डोळ्यांना दिसायच्या आत बुरशी ओळखायची. जन्मभर जिला हुंगून हाकललं, तिनं शेवटी नाकातच बिऱ्हाड केलं होतं. वास पार गेला होता.

"मग घाल की नाकात."

"बशीची आग होत नाही, काका. त्या पावडरीचं एवढं कडक पाणी नाकात घातलं तर आतली कातडी सोलून निघेल. शिवाय बुरशी हाडांच्या पोकळीत बसलीय, तिथवर ते पोचायचंही नाही. दिल्लीला ऑपरेशन होईल. पण वास परत येईल, असं मी सांगत नाही."

"सोमवारी भोपाळचा साहेब येऊन राहिलाय रे."

मध्यभारत मोडून नवं राज्य झालं होतं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. कारखान्यात कोणाला ठेवायचं, ते हा साहेब प्रत्येकाचं काम बघून ठरवणार होता.

लश्कर शहरातल्या दाना ओली गल्लीतल्या घरी शामलाबाई कित्येक महिने नवऱ्याचं नाक झाल्या होत्या. ते खिशातून छोट्या बाटल्यांत नमुने आणत आणि त्या चुलीपासून दूर बसून हुंगत. "ही बिघडली. ही बरी. सदऱ्याचं मात्र विचारू नका."

त्या संध्याकाळी विश्वासरावांनी पावडर पाण्यात कालवली आणि मोरीत बसून नाकात ओतली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शामलाबाईंनी धावत येऊन तांब्या हिसकावला.

"अहो, नाकाचं सरबत करून राहिलात का? डॉक्टर नको म्हणाला ना?"

"थांब. काहीतरी आण हुंगायला."

शामलाबाईंनी उघडी डबी त्यांच्या नाकाशी धरली. विश्वासरावांनी डोळे मिटून जोर लावला.

"काहीच येत नाही. काय आहे?"

"हिंग," म्हणत शामलाबाईंनी डबीचं झाकण लावलं.

सोमवारी साहेबानं आवळ्याच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पुढे सरकवल्या. माल सरकारी इस्पितळात रोग्यांना जायचा होता.

"विश्वासरावजी, सुना है आपकी नाक पूरे लश्कर में मशहूर है. बताइए, खराब कौन-सी है?"

विश्वासराव वाकले. पाक दोन्हींत सारखाच चमकत होता. मान वर केली तेव्हा साहेबाच्या पाठीमागे उभे असलेले शिवाजीराव दिसले. बरोबरीनं नोकरीला लागलेला हा जुना सोबती डावा कान खाजवत होता. विश्वासरावांनी बघितलं आणि तो पुन्हा खाजवू लागला.

डावी खराब. आजची बरणी कळली. उद्याच्या कोण सांगणार?

"साहब, मेरी नाक चली गई. कई महीने हुए."

शिवाजीरावांचा हात खाली आला.

"अरे, एक तो ठीक होगी," साहेब म्हणाला.

"होगी. मुझे मालूम नहीं कौन-सी."

रोग्यांचा माल खुणेच्या भरवशावर सोडायचा नव्हता. विश्वासरावांनी दोन्ही झाकणं घट्ट आवळली. बरण्या उचलून टाकाऊ मालाच्या फळीवर नेऊन ठेवल्या. मग कोणी चुकून त्या परत उचलू नये म्हणून, कचऱ्याची गाडी येईपर्यंत, ते फळीपाशी उभे राहिले.