साबणाचा रतीब

फोन टेबलावर थरथरला आणि सुनेनं तो उचलून पाहिला. सकाळपासून तो असाच थरथरत होता, आणि दर खेपेला स्क्रीनवर तेच वाक्य: एक गिऱ्हाईक कमी झालं. आधी गल्लीच्या टोकाची शिंपीण गेली. मग जुळ्यांची आई. आता तो ग्रंथपाल, जो दर महिन्याला साबणाच्या वासावर चार ओळी कौतुकाच्या लिहून पाठवायचा. माळेतून मणी ओघळावेत तशी माणसं ओघळत होती, आणि दोरा कुठं तुटलाय ते काही दिसत नव्हतं.

पलीकडच्या खोलीत सासूबाई साबणाचं तेल ढवळत होत्या आणि ढवळता ढवळता गुणगुणत होत्या:

ढवळते तेल बाई, धार धरते बारीक,
माझ्या हातच्या वडीची, दूर गावात तारीफ.

ते ऐकून सुनेनं फोन पालथा घातला.

ही ओवी या घरात मधे गप्प झाली होती. सासरे होते तोवर खाली रस्त्यावर त्यांचं साबणाचं छोटं दुकान होतं. वड्या पाडायच्या सासूबाईंनी, विकायच्या सासऱ्यांनी. ते गेले आणि सासूबाईंनी साचे पोत्यात भरून माळ्यावर टाकले. "कुणासाठी करू?" एवढंच म्हणायच्या. हात मांडीवर ठेवून बसायच्या, जणू ते हात दुसऱ्याचे, कुणी सांभाळायला दिलेले. शेवटी सुनेनं ऑनलाइन दुकान मांडलं आणि त्यात सबस्क्रिप्शनची सोय केली. एकदा नाव घातलं की दर महिन्याला साबण आपोआप दारात.

"म्हणजे रतीब," सासूबाई म्हणाल्या होत्या. "दुधाचा असतो, तसा साबणाचा."

"हो आई, रतीबच."

"म्हणजे कुणीतरी वाट बघणार."

त्याच दुपारी साचे माळ्यावरून खाली आले.

आणि आता वाट बघणारेच पाठ फिरवत होते. सुनेनं दुकानाच्या सगळ्या सेटिंग चाळल्या. पत्ते बरोबर. साबण किती दिवसांनी धाडायचा, तेही बरोबर. सकाळी सगळ्यांना दुकानाकडून आठवणीचा निरोप गेला होता: 'तुमची वडी झिजत आली असेल. नवी निघायच्या तयारीत आहे.' त्याखाली बटण. सगळं जिथल्या तिथं. मग चूक साबणातच असेल का? कुणाच्या अंगाला खाज सुटली? जुळ्यांना पुरळ आलं? तिनं मांडणीवरची वडी उचलली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावून पाहिली. कच्च्या साबणाचा जिभेला चटका बसतो. बसला नाही.

"काय गं, साबण खातेस?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "भूक लागली असेल तर सांग की, घरात दुसरंही काही आहे."

"तपासत होते."

"माझी वडी?" त्यांचा आवाज जरा उतरला. "कुणी काही बोललं का?"

"छे हो, आई."

पालथा फोन थरथरला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"कोण आहे?"

"जाहिराती असतात काहीबाही."

खोटं बोलताना सुनेचे कान लाल होतात, हे सासूबाईंना ठाऊक होतं. त्या आत गेल्या. आतून काठीचा आवाज आला, ओवीचा आला नाही.

तेवढ्यात फोन वाजलाच. पलीकडे नर्सबाई होत्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, रतिबाचं पहिलं गिऱ्हाईक.

"अगं ए मुली, तुझं दुकान शुद्धीवर आहे का?"

"काय झालं, मावशी?"

"बहिणीसाठीही एक वडी लावावी म्हणून बटण दाबलं, तर म्हणतंय तुमचा रतीब थांबवला. मी कशाला थांबवू? पुन्हा दाबलं तर मला ओळखच देईना."

"कुठलं बटण?"

"खाली एकच तर आहे. 'वाढवा'."

सुनेला एकदम उमगलं. दुकान मांडताना रतीब थांबवायच्या त्या बटणावर तिनं 'बंद करा' लिहिलं होतं, आणि मागून सासूबाईंनी तिचा हात धरला होता. "दुकानात बंद म्हणू नये गं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. हे रोज फळ्या लावताना काय म्हणायचे? चला, दुकान वाढवू." आणि तिनं निमूट लिहिलं होतं: वाढवा.

ज्यांना रतीब जास्त हवा होता त्यांनीच हौसेनं बोट ठेवलं, आणि दुकानानं नेमकी त्यांचीच नावं पुसली. सुनेला हसू फुटलं. पण आईंच्या एका शब्दानं आईंचंच दुकान बसलं, हे त्यांना सांगायचं कुणी? गुपचूप शब्द बदलावा, झालं. पण आतली ती शांतता काही बदलणार नव्हती. सून आत गेली.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. काठी थांबली नाही. मधेच थांबलं तर तेल फुटतं.

"शिंपीणसुद्धा?"

"तीही."

"म्हणजे तिला नकोसा नव्हता झाला."

"उलट हवा होता, आई."

"मग 'राहू द्या' लिही."

"राहू द्या म्हणजे असू द्या, असं वाटेल कुणाला."

"'येतो' लिही. जाणारा माणूस येतोच म्हणतो."

"मग तर सगळेच दाबतील."

सासूबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. तेल दाटत आलं होतं, काठीची रेघ आता वर उमटून राहत होती. त्या रेघेकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "हे गेले त्या दिवशी फळ्या मी लावल्या. वाढवलं म्हणायला जीभ उचलेना. दुसरा शब्द मला येत नव्हता." काठी नुसतीच फिरत राहिली. "लिही तू. बंद करा. वाढवा म्हणूनही पडलंच की बंद."

सुनेनं तिथंच उभ्या उभ्या बटण बदललं आणि गेलेल्या सगळ्यांना निरोप धाडला: शब्द आमचा चुकला, तुम्ही नाही, यायचं असेल तर दार उघडं आहे. मग दोघी फोनकडे बघत राहिल्या. फोन गप्प होता.

"सगळे साचे भरू की अर्धेच?" सासूबाईंनी विचारलं. "लवकर सांग. हे आता थांबायचं नाही."

सुनेनं मांडलेल्या साच्यांकडे पाहिलं. नको असलेल्या वड्या मांडणीवर रचलेल्या, आणि त्यांच्यासमोर मांडीवर हात ठेवून बसलेल्या आई, असं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"सगळे," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि तरीही पातेलं उचललं. पहिला साचा भरत असताना फोन थरथरला.

"बघ गं."

"ग्रंथपाल आलेत परत." आज चार ओळी नव्हत्या. तिनं वाचून दाखवलं, "'मला वाटलं, तुम्हालाच मी नकोसा झालो.'"

"वेडा आहे," सासूबाई म्हणाल्या. धार बारीक धरून त्या पुढच्या रिकाम्या साच्याकडे वळल्या. आवाज काही निघाला नाही, पण ओठ हलत होते.