डाव्या कुंपणातल्या मेंढ्या

धाकटीने मेंढीची मान गुडघ्यांत धरली, जबडा उघडला आणि खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं. पुढचे दोनच दात शिल्लक, तेही हलणारे.

"जा बाई, डावीकडे," म्हणत तिने मेंढीला काट्यांच्या डाव्या कुंपणात ढकललं.

डावं कुंपण म्हाताऱ्यांचं. बघणाऱ्याला ते कळू नये म्हणून तिने त्यांना सकाळीच पोटभर पाणी पाजलं होतं, अंगावरची धूळ झाडली होती. उजवीकडच्या तरण्या मेंढ्या मात्र तहानलेल्या आणि धुळीने माखलेल्या. त्यांतल्या दोन लंगडणाऱ्या तिने मुद्दाम पुढे बांधल्या होत्या.

"हे बरं नव्हे," नवरा म्हणाला.

"बरं काय ते मला शिकवू नका. पोरं तुमच्या चांगुलपणावर जेवणार आहेत का?"

तो कुंपणाचे काटे सारखे करायला निघून गेला. 

सासऱ्याने जाताना दोघा मुलांना एकच गोष्ट बजावली होती. सगळा कळप एका माळावर ठेवायचा नाही. एकाने उगवतीला जायचं, दुसऱ्याने मावळतीला. ज्याच्या मेंढ्या जगतील त्याने दोन वाटे घालायचे. ज्याच्या मेल्या त्याने हवा तो उचलायचा. यंदाच्या दुष्काळात उगवतीला गेलेल्या थोरल्याच्या एकूण एक गेल्या होत्या. धाकट्याकडे बासष्ट उरल्या होत्या, आणि त्यांतल्या एकतीस जाणार हे धाकटीला पटत नव्हतं. चार वर्षांपूर्वी साथीत धाकट्याचा कळप गेला, तेव्हा थोरल्या जावेने हूं की चूं न करता अर्ध्या मेंढ्या दिल्या होत्या. ते ती विसरली होती असं नाही. आठवायचं तेवढं टाळत होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती दोघं आली. थोरला पार खंगला होता. तो भावाजवळ जाऊन उकिडवा बसला आणि काडीने जमीन उकरत राहिला. थोरलीने पाणी पिऊन पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"चल धाकटे, दाखव."

"दाखवायचं काय जाऊबाई, दोन्हीकडे सारख्याच. डावीकडच्या जरा अंगाने भरल्यात, एवढंच. तुम्हीच काय ते बघा."

थोरली आधी उजवीकडे गेली. तिने एकीच्या धुळकट पाठीवरून हात फिरवला, दुसरीची कास चाचपली.  मग ती डावीकडे आली. एकीचा जबडा उघडून तिने हिरडीवर बोट फिरवलं, मग दुसरीचा, मग तिसरीचा. धाकटीला कळून चुकलं. आता ही आकाशपाताळ एक करणार, आणि तिचं काही चुकणारही नाही.

"डावीकडच्या आमच्या," थोरली म्हणाली.

सुटले, असं वाटायला हवं होतं. पण धाकटीला शरमेने मान वर करवेना.

"जाऊबाई, त्या म्हाताऱ्या आहेत," तिच्या तोंडून निसटलंच. "मी मुद्दामच..."

"कळलं गं. असल्या दुष्काळात मेंढ्यांना नटवून कोण ठेवतं? लबाडीसुद्धा धड जमत नाही तुला."

"मग?"

"मग काय! उद्या बाजारात न्यायच्यात. खाटकाला दात लागत नाहीत." थोरलीने आवाज उतरवला. "शहराजवळ दगडाच्या खाणीवर काम मिळालंय दोघांना. आता पुन्हा माळ नाही. यांना ते भावाला सांगवत नाहीये, बघ कसे जमीन उकरत बसलेत. तरण्या राहू देत तुझ्याकडे. आमच्याबरोबर आल्या तर त्याही सुरीखाली जातील."

धाकटीला भडभडून आलं. जावेच्या भलेपणापुढे ओशाळून तिने डोळे पुसले, पण पुसता पुसता तिचा हात थांबला. पुढच्या वर्षी उगवतीच्या माळावर आपलं कोणीच नसणार होतं.

"जाऊबाई, पुढल्या दुष्काळात आमच्या गेल्या तर?"

थोरलीने डाव्या कुंपणाच्या तोंडावरचा झाप ओढून घेतला. दोरीला एक गाठ मारली, मग आणखी एक.

"खाणीवरची खोली लहान आहे," ती म्हणाली. "पण ये."