फेस लावलेला फुगा

धाकट्याच्या हातातला वस्तरा सगळ्यांदेखत थरथरायला लागला तो नेमका गर्दीच्या दिवशी. समोर मान टाकून बसलेले पोस्टमास्तर ताडकन उठले आणि गालावरच्या फेसासकट थोरल्याच्या खुर्चीत जाऊन बसले. दुकानात दोनच खुर्च्या, दोघा भावांच्या. गिऱ्हाइकांनी निदान तिथल्या तिथे करून टाकलं: धाकटा प्यायला लागला. दुसऱ्याचा आजार ठरवायला लोकांना काय वेळ लागतो!

खरं काय ते धाकट्यालाच ठाऊक होतं. एचआयव्हीच्या गोळ्या तो दीड वर्ष इमानेइतबारे घेत होता, घरात कुणाला पत्ता लागू न देता. खचलेली प्रतिकारशक्ती त्या गोळ्यांमुळे परत आली, आणि आली ती त्याच्यावरच उलटली.

"तुमच्याच गळ्यातल्या थायरॉइडवर तिनं हल्ला चढवलाय," केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आठवड्यापूर्वीच म्हणाल्या होत्या. "म्हणून ही थरथर. याच्याही गोळ्या देते. हात स्थिर होईल, पण दोन-तीन महिने लागतील. भावाला ही चिठ्ठी दाखवा."

चिठ्ठीच्या माथ्यावर एचआयव्ही केंद्राचं नाव ठसठशीत छापलेलं. बाहेर पडताच त्यानं तिचे तुकडे केले. साध्या कागदावर लिहून मागावी, एवढंही त्याला सुचलं नाही. भीतीपुढे अक्कल चालत नाही.

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा थोरल्यानं एक फुगा फुगवला. वीस वर्षांपूर्वी त्यानं धाकट्याला असंच शिकवलं होतं: फुग्याला फेस लावायचा, वस्तऱ्यानं उतरवायचा, फुगा फुटता कामा नये.

"कर. फुटला नाही तर खुर्ची तुझी."

धाकट्यानं मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरलं. पहिला पट्टा स्वच्छ उतरला. दुसराही. त्याला आशा वाटायला लागली. तिसऱ्याला फुगा फुटला, फेस दोघांच्या तोंडावर उडाला.

आता सांगूनच टाकावं, धाकट्याला वाटलं. सख्खा भाऊ आहे.

"दारूच ना रे?" थोरल्यानं आधीच विचारलं. "एक जण म्हणाला, तुला त्या एचआयव्हीवाल्यांच्या दारात पाहिलं. मी त्याची गचांडी धरली. म्हटलं, तसं असतं तर मीच भावाला घराची पायरी चढू दिली नसती."

"दारूच, दादा."

"सुटलो बाबा!" थोरल्याचा जीव भांड्यात पडला. लहानपणी पुसायचा तसं त्यानं धाकट्याचं तोंड टॉवेलनं मायेनं पुसलं. "दारू काय, सुटेल. पण तुझ्या वस्तऱ्याखाली आता कोण बसणार?"

मग त्यानं वस्तरा काढून घेतला आणि धाकट्याच्या खुर्चीवर चादर घातली.