लिंबाचा केक आणि किरकिऱ्या

त्याने रांगेतून मान लांब करून काचेच्या कपाटात डोकावलं. लिंबाच्या केकचं ताट रिकामं होतं. सुरी तेवढी आडवी पडली होती.

“संपला हो, भाऊ,” बेकरीवाल्या ताई लांबूनच म्हणाल्या. “बिस्किटं देऊ?”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग काढायलाही कुणी नव्हतं, कारण गुन्हेगार तो स्वतःच होता. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरचा फोन अडवून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर शहराला नावं ठेवायची, हा त्याचा नेम. बंद लिफ्ट, उखडलेले फुटपाथ, कोमट कॉफी, कुणाचीच खैर नव्हती. वाचणारे त्याला ‘किरकिऱ्या’ म्हणूनच ओळखत. खरं नाव त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदाच त्याच्या हातून कौतुक लिहिलं गेलं, ते या बेकरीतल्या लिंबाच्या केकचं. किरकिऱ्याला आवडला म्हणजे काहीतरी असणारच, असं सगळ्यांनी धरलं. लोक त्या पानाची छापील प्रत घेऊन दुकान शोधत येऊ लागले.

“हात दाखवून अवलक्षण,” बायको म्हणाली. “आता बसा बोटं चोखत.”

केकचं एक वेळ सोडा. पूर्वी शनिवारी दुपारी तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि ताई काउंटरला टेकून बोलत राहायच्या, कधी गुडघ्यांविषयी, कधी मुलीच्या हट्टांविषयी. आठवड्यातला तेवढा एकच वेळ त्याला कशावरही किरकिर करावीशी वाटत नसे. आता त्या स्टुलावर कुणाची तरी बॅग असायची आणि ताईंना मान वर करायला फुरसत नव्हती.

मॉडेमची घरघर संपेपर्यंतही त्याला त्या संध्याकाळी दम धरवेना. त्याने लिहून टाकलं, ‘लिंबाच्या केकची चव उतरली आहे. उगाच हेलपाटा घालू नका.’

रांग ओसरायला फार दिवस लागले नाहीत. एका शनिवारी दुकान पुन्हा शांत होतं. तो स्वतःवर खूश होऊन स्टुलावर बसला. ताईंनी जरा मोठाच तुकडा आणून ठेवला आणि समोर ताठ उभ्या राहिल्या.

“भाऊ, खरं सांगा. त्या किरकिऱ्याने लिहिलंय तशी चव उतरलीय का?”

त्याने घास घेतला. केक होता तसाच होता.

“मुळीच नाही.”

“लोणी बदललं, लिंबं बदलली, परत जुनं करून बघितलं. आता माझं मलाच कळेनासं झालंय.”

“ताई, लिहिणारा खोटं लिहितोय.”

“तो कशाला खोटं लिहील? ना ओळख ना पाळख,” ताई म्हणाल्या. “तुम्ही घरचे, माझं मन राखताय.” त्यांनी उरलेला केक कागदात गुंडाळला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. “वहिनींना न्या. यापुढे मी नाही करणार.”

“ताई, तो माणूस...” घास त्याच्या तोंडातच होता.

“भलं होवो त्याचं,” ताई म्हणाल्या. “तोंडावर मला कुणीच सांगितलं नसतं.”

त्याने पुडा उचलला.