‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे. वर्षं मोजली तर फार जुना नाही, पण रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर म्हातारं होतं. आता मी मच्छीमार सोसायटीच्या मागच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांशेजारी गोणपाटाखाली पडून आहे. थकलो आहे हो मित्रांनो. खरं तर बोलायचाही कंटाळा येतो. पण ही एक गोष्ट सांगायची राहिली तर जिवाला चुटपुट लागेल, म्हणून सांगतो आणि मग निजतो.

जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. मुंबईच्या एका कचेरीने मला दोन वर्षं राबवलं आणि नवा संगणक आल्यावर विकून टाकलं. १९८७ च्या दिवाळीनंतर गादीत गुंडाळून, एसटीच्या टपावर बसून मी इथे आलो. कशेडीच्या घाटात हाडं अशी खिळखिळी झाली की सांगता सोय नाही.

सोसायटीत मात्र माझं स्वागत झालं. हार, अगरबत्ती, नारळ. शिपाई भागोजी हा गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्याने हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, “बा देवा म्हाराजा! ही मशीन आज आमच्या दारी आलीय, तिला उदंड आयुक्ष दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

तेवढ्यात कुणीतरी फोडलेल्या नारळाची वाटी माझ्या कळांवर टेकवली. कळा दाबल्या गेल्या आणि मी किंचाळलो, “टूं! टूं!”

भागोजीचा आनंद गगनात मावेना. “बगा, बगा! मशीनपन व्हय म्हनाली!”

आता काय सांगू, कपाळ माझं! माझा टूं म्हणजे ‘होय’ नव्हे. माझा टूं म्हणजे ‘अहो, थांबा, काहीतरी चुकतंय.’ पण माझं ऐकतो कोण? त्या दिवसापासून मी टूं केलं की भागोजी कुठूनही म्हणायचा, “व्हय म्हाराजा!”

माझा खरा अर्थ कळला तो एकट्या आवडाबाईंना. त्या सोसायटीच्या टायपिस्ट. वीस वर्षं टाइपरायटरवर काढलेली, ओळ संपल्याची घंटी ऐकून हात थांबवायची सवय. भागोजी कागदावरची नावं मोठ्याने वाचायचा आणि त्या कळांकडे न बघता ती इंग्रजी अक्षरांत उतरवायच्या. एखादं नाव दुसऱ्यांदा आलं की मी टूं करायचो. त्या लगेच खोडायच्या.

पण मित्रांनो, त्यांचं एक गुपित होतं. त्यांना माझा पडदा दिसतच नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुणी आसपास नसलं की त्या नाक टेकेल इतक्या जवळ यायच्या आणि निराश होऊन मागे सरायच्या. साहेबांना कळलं तर नोकरी जाणार, आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. माझ्या आवाजावर त्यांचं सारं चाललं होतं. मला त्यांची फार काळजी वाटायची.

मॅनेजर महिपतराव साहेब मनाने वाईट नव्हते, पण नाकावर राग. एकदा सभा भरली होती. साहेब छाती काढून म्हणाले, “या वर्षी कुठल्याही होडीला बर्फ कमी पडणार नाही!”

“टूं,” मी म्हणालो. माझं आपलं यादीचं काम चाललं होतं.

“व्हय म्हाराजा!” दारातून भागोजी.

सगळी सभा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हुकमाने बाबू रेडिओवाला आला. त्याने माझं झाकण उघडलं आणि पोटातल्या स्पीकरची वायर उपसून काढली.

चूक दिसते आहे आणि ओरडता येत नाही, याहून मोठं दुखणं नाही. अशातच मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर ठरलं. सोसायटीने चाळीस नावं पाठवायची होती. काही लोकांनी आपलं नाव एकदा कचेरीत दिलं, एकदा जेटीवर. सहा नावं दोनदा आली. सहाही वेळा मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण आवाज कुठून येणार? चाळीस आकडा भरला आणि नंतर आलेल्यांना ‘यादी भरली’ म्हणून परत पाठवलं.

शिबिरात सहा खाटा रिकाम्या राहिल्या. दोन दिवसांनी परत पाठवलेल्यांपैकी एक, शेजारच्या काळबादेवी गावची सखू म्हातारी भिंत चाचपत कचेरीत आली. “माजी खाट रिकामी व्हती म्हनं. मंग मला का नाय बोलावलीत?”

साहेबांनी यादी पाहिली आणि कडाडले, “आवडाबाई, डोळे कुठे होते तुमचे?”

आवडाबाई उठून उभ्या राहिल्या. पदर मुठीत घट्ट धरला होता.

“डोळेच नाहीत, साहेब. मोतीबिंदू आहे. मी याच्या आवाजावर लिहीत होते. तो गेला आणि मी पुरती आंधळी झाले. ठेवायचं की काढायचं ते तुम्ही बघा. पण आधी याचा आवाज परत जोडा. पुढच्या शिबिराची यादी मी चोख करून देते.”

साहेबांनी डोक्यावर टोपी चढवली आणि स्वतः जाऊन बाबूला घेऊन आले. वायरीची टोकं गंजली होती. बाबूने ती ब्लेडने खरवडली आणि जोडून कथलाचा डाग दिला. माझा पहिला टूं घोगरा निघाला, पण निघाला!

“व्हय म्हाराजा!” भागोजीने हातच जोडले.

महिन्याने दुसरी यादी झाली. भागोजी वाचत गेला, आवडाबाई टाइप करत गेल्या. शेवटी तो थांबला आणि त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला. “कागद संपला, आवडाबाय. जागा एक उरलीय.”

आवडाबाईंनी हात परत कळांवर ठेवले. मग त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं.

“टूं!”

त्यांचा चेहरा पडला. “काय चुकलं, भागोजीदादा?”

भागोजीने वाकून पडदा वाचला. “चुकलं नाय. तुमचं नाव आदीच हाय यादीत. पयलं सखूबायचं, दुसरं तुमचं.”

मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना साहेब माझ्यासमोर बसले होते. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी ती दोन नावं घातली. किती वेळा चुकले, किती वेळा मी ओरडलो, पण एकदाही रागावले नाहीत.

आवडाबाईंनी साहेबांच्या टेबलाकडे मान वळवली. साहेबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. त्यामागून हळूच आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

शिबिरात ऑपरेशन झालं, आवडाबाई जाड भिंगांचा चष्मा लावून परत आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, “अगोबाई, ही अक्षरं हिरवी आहेत होय!” पुढे त्यांना माझ्या आवाजाची गरज उरली नाही, तरी त्यांनी तो कुणाला बंद करू दिला नाही. मग त्या निवृत्त झाल्या, नवा संगणक आला आणि मी इथे आलो. चालायचंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात ‘थांब, चुकतंय’ असं सारखं म्हणणारं कुणीतरी असेल. त्याचा राग येईल. येऊ दे. पण त्याची वायर काढू नका. त्या आवाजावर कुणाचे डोळे चालले असतील, ते आपल्याला दिसत नाही. आणि कधी सोसायटीत आलात तर हे गोणपाट जरा बाजूला सारा. माझी वायर अजून जोडलेली आहे.