टेपचं दुमडलेलं टोक

एसी बिघडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "मेकॅनिकला फोन केलाय." या एका वाक्यावर माणसं अख्खा उन्हाळा काढतात. अप्पांनीही काढत आणला होता. बायको गेल्यापासून त्यांचं जग म्हणजे मागची, पश्चिमेकडची खोली. दुपारी भिंती तापल्या की त्यांचा दमा उठायचा, आणि ते पलंगाच्या कडेला वाकून बसायचे. मुलाला विचारलं की उत्तर तयारच. आधी मेकॅनिक आजारी होता, मग पार्ट मिळेना, शेवटी मॉडेलच जुनं निघालं. अप्पा म्हणायचे, "असू दे रे. तुला तरी किती त्रास द्यायचा."

एका सुट्टीच्या दिवशी मुलगा बाहेर गेला, तेव्हा अप्पांनी ठरवलं, आपणच बघू. उभी हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेली, हात काही विसरले नव्हते. त्यांनी सुनेला स्टूल धरायला बोलावलं.

"अप्पा, पडाल हं. ह्यांना येऊ द्या की."

"येईल तेव्हा गार खोलीत बसवू त्याला. बिचारा त्या मेकॅनिकच्या मागे धावून दमलाय. आधी मेन बंद कर. विजेशी मस्करी नको."

एसीच्या जाळीवर धुळीची गोधडी साचली होती. सुनेनं ती धुऊन, पुसून दिली. मेन लावून बटण दाबलं, पण एसीवरचा साधा दिवाही लागेना. मग पुन्हा मेन बंद करून अप्पांनी भिंतीवरच्या स्विचचं झाकण उघडलं.

आत एक वायर स्क्रूतून सोडवून बाजूला सारलेली होती. टोकाला काळी टेप, आणि त्या टेपचं शेवटचं टोक जरासं आत दुमडलेलं. पुढे कधी काढायची झाली तर नखात पटकन यावी म्हणून. अप्पांच्या खात्यात सगळे टेप तोडून तशीच चिकटवायचे. दुमडायची सवय एकट्या अप्पांची, आणि त्यांनी ती आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती, तो मांडीवर बसायचा तेव्हा.

"काय झालं, अप्पा?"

"काही नाही. मेकॅनिक घरातलाच निघाला."

मुलगा परतला तेव्हा खोली गार झाली होती. "अरे वा, सुरू झाला?" असं तो म्हणाला खरा, पण अप्पांनी टेपचा तुकडा पुढे केला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अप्पा, बिल किती येतं बघितलंय का? आणि गारव्यानं तुमचा दमा वाढेल, म्हणून मी..."

"दम्याचं नाव काढू नका," सून म्हणाली. "खोली थंड ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. इकडे त्यांना धाप लागायची आणि आपल्या खोलीत एसी चालायचा. मीही झोपत होते त्यात, तुमच्या थापांवर विश्वास ठेवून. बिल जड जात होतं तर सगळ्यांना बसवून सांगायचं. दोन्ही खोल्यांत थोडा थोडा लावला असता. म्हातारं माणूस तक्रार करत नाही, म्हणून त्याच्याच वाट्याचं काढून घ्यायचं? याला काटकसर म्हणत नाहीत. हे केसानं गळा कापणं झालं."

मुलगा खाली बसला. "चुकलो, अप्पा."

अप्पांनी टेपचा तुकडा मुठीत मिटला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

"तू सांगितलं असतंस, तर मी स्वतःच बंद केला असता," ते म्हणाले. "उकाडा मी सोसला रे, त्याचं काही नाही. पण उद्या तू म्हणालास, अप्पा, औषध संपलंय, तर मला कपाट उघडून बघावंसं वाटेल. त्याचं काय करू, सांग?"

पुढच्या महिन्यापासून मुलानं बिल अप्पांसमोर ठेवायला सुरुवात केली. दोन्ही खोल्यांतला एसी आता सारखाच वेळ चालतो, आणि बंद करायला अप्पाच आधी उठतात. तरी मुलगा काही सांगायला लागला की ते क्षणभर त्याचा चेहरा न्याहाळतात. त्याला ते दिसतं, आणि तो मान खाली घालतो.

मंडळी, तुमच्याही घरात अशी एखादी मागची खोली असेल. परवडत नसेल तर तिथल्या माणसाला तोंडावर सांगा. तो ऐकून घेईल, जन्मभर त्यानं तेच केलंय. पण खोटं बोलून त्याचं सुख काढून घेऊ नका. पकडले गेलात तर माफी मिळेल, आईबाप ती देतातच. विश्वास मात्र ते त्यानंतर हातचा राखूनच ठेवतात.