तळघराचा आकडा

आमचे हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते. निम्म्या शहराला यांनी वर पोहोचवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः तळघरात जाऊन राहिले. त्याला कारण मी. गेल्या वर्षी एका सकाळी, रात्रभर यांचं घोरणं ऐकून डोकं उठलेलं असताना मी म्हणाले, एवढं घोरायचं असेल तर खाली जाऊन झोपा. चाळीस वर्षांत या माणसानं माझं एक अक्षर ऐकलं नाही, आणि नेमकं हे ऐकलं. त्याच दिवशी गादी, उशी, टेबलावरचा दिवा आणि लिफ्टची एक जुनी मोटर असा सगळा संसार खाली गेला. मला वाटलं, दोन दिवसांत येतील परत. बारा महिने झाले.

मी बोलावलं नाही. मी कशाला कमीपणा घेऊ? गेले ते, यायचंही त्यांनीच. जेवायला वर यायचे, भांडी घासायचे, पेपर वाचायचे आणि नऊ वाजले की गुपचूप जिना उतरायचे. मला वर एवढा मोठा पलंग. आडवी झोपा, उभी झोपा, विचारणारं कोणी नाही. शांतताही इतकी की झोप लागायची नाही.

आमची मुलगी छातीच्या दवाखान्यात नर्स आहे. एक दिवस तिचा फोन आला. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो म्हणे. त्याला रंग नाही, वास नाही, फरशीच्या भेगांमधून घरात शिरतो आणि तळघरात साठून राहतो. वर्षानुवर्षं तो श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, बाबा अजून खालीच झोपतात का? मी हो म्हणाले. तिनं परस्पर तपासणीची वेळ ठरवून टाकली.

खोटं कशाला बोलू, भीती वाटली. पण खरं सांगायचं तर आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. तपासणीत वायूचा आकडा जास्त निघाला की तळघर बंद, आणि तळघर बंद झालं की हे वर. मला तोंड उघडायची गरजच नाही. विज्ञान परस्पर माझं काम करणार.

तपासनीस बाई आल्या. वय तिशीच्या आतलं, पण चेहरा गणिताच्या पेपरासारखा. त्यांनी डब्याएवढं एक यंत्र तळघराच्या मधोमध स्टुलावर ठेवलं. सात दिवस दार-खिडकी बंद ठेवायची आणि यंत्राला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. आम्ही दोघांनी तिन्ही वेळा शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

दुसऱ्याच दिवशी हे बाजारात गेलेले पाहून मी खाली उतरले. बघते तर खिडकी सताड उघडी आणि यंत्रासमोर टेबलफॅन फुल्ल सोडलेला. वेंधळेपणा, दुसरं काय. मी फॅन बंद केला, खिडकी लावली, फटीत जुने टॉवेल कोंबले. मग मनात आलं, वायू फरशीतून येतो म्हणतात, तर त्याला स्टुलापर्यंत चढायचे कष्ट कशाला? कोपऱ्यात सांडपाण्याच्या पाइपाशेजारी फरशीला भोक पडलंय. यंत्र उचलून त्यावर नेऊन ठेवलं. वरून बादलीही पालथी घातली, म्हणजे वायू इकडेतिकडे जायला नको.

पुढचे तीन दिवस मी जेव्हा जेव्हा खाली जावं, तेव्हा यंत्र परत स्टुलावर. हे कुठे काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. गुपचूप पुन्हा बादलीखाली सारायचं आणि वर येऊन भाजी निवडायला बसायचं. शेवटचे दोन दिवस मुलीकडे जावं लागलं. जाताना हे काहीतरी विसरलं म्हणून दोनदा घरात परतले आणि मी तीनदा. दर वेळी दोघांची गाठ जिन्यातच पडली, त्यामुळे दोघांनाही हात हलवत परत फिरावं लागलं.

आठव्या दिवशी तपासनीस बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि यंत्र त्याला जोडलं. मग म्हणाल्या, हे यंत्र दर तासाचा आकडा नोंदवतं. आणि त्याला कोणी हलवलं तर तेही नोंदवतं. हे आधी का नाही सांगितलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हे छताकडे बघायला लागले. मी साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट करायला घेतलं.

"सोमवारी सकाळी दोन तास आकडा जवळजवळ शून्य आहे," बाई म्हणाल्या. "आणि यंत्र सतत हलतंय. कुठे होतं?"

"बागेत," हे म्हणाले.

"बागेत कशाला?"

"असंच, पाय मोकळे करायला. पण पिशवीतून नेलं होतं. ऊन लागू दिलं नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं की त्याच दुपारी आकडा एकदम तेराशेवर कसा गेला. आता माझी पाळी होती. भोक, टॉवेल, बादली, सगळं सांगावं लागलं. बादली केवढी, हेही विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. म्हणाल्या, आकडा कमी यावा म्हणून धडपडणारे पुष्कळ भेटतात. वाढावा म्हणून बादली घालणारं कोणी आजवर भेटलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत राहिले. मला अचूक आकडा हवा होता, असं मी ठोकून दिलं.

पण आम्ही मुलीकडे होतो ते दोन दिवस खिडकी बंद होती, यंत्र स्टुलावरच होतं आणि त्याला कोणाचाच हात लागला नव्हता. तिथली रेघ सरळ होती. आकडा चारशे ऐंशी. तीनशेच्या वर असला की वायू बाहेर काढायचं काम करून घ्याच, असं बाईंनी बजावलं होतं. माझा माणूस वर्षभर ते नाकात भरून घेत होता आणि मी वर पलंगावर बसून कमीपणा कोणी घ्यायचा याचा हिशेब करत होते. मला माझीच लाज वाटली.

त्याच दिवशी हे वर आले, पण हॉलमधल्या सोफ्यावर. तीन आठवडे तिथेच. सोफा चार फुटांचा, हे पावणेसहा फूट. मी रोज खोलीचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवायचे. पाचव्या दिवशी हे म्हणाले, बरं करतेस, हवा खेळती राहते.

मग कामगार आले. त्यांनी तळघराच्या फरशीला भोक पाडून खालच्या मातीपर्यंत पाइप नेला, तोच भिंतीवरून छपराच्या वर काढला आणि त्यात पंखा बसवला. वायू घरात शिरण्याआधीच पंखा तो खालून ओढतो आणि छपरावर सोडून देतो. भेगा बुजवल्या. कोपऱ्यातलं माझं भोकही बुजवलं. हे दिवसभर त्यांच्या डोक्यावर उभे राहून पंख्याच्या मोटरीला नावं ठेवत होते.

पुन्हा सात दिवस यंत्र ठेवलं. या वेळी कोणी जिन्याकडे फिरकलंसुद्धा नाही. आकडा आला छत्तीस. तपासनीस बाई चक्क हसल्या. म्हणाल्या, आता खुशाल खाली झोपा.

यांनी मान डोलावली, सोफ्यावरची उशी काखेत मारली आणि जिन्याकडे निघाले.

"तो पंखा बंद ठेवला तर आकडा किती दिवसांत चढतो?" मी बाईंना विचारलं.

बाईंचं हसू मावळलं. "बंद कशाला ठेवायचा?"

"कारण हे खाली चाललेत." आवाज माझाच होता, पण मला आवरेना. "मला हे वर हवेत. सोफ्यावर नकोत, माझ्या शेजारी हवेत. घोरायचं तेवढं घोरू देत."

हे पहिल्या पायरीवर थांबले.

"मग मी ते यंत्र बागेत कशाला फिरवत होतो, असं वाटलं तुला?"

"मोटर सोडवत नसेल, म्हणून."

"मोटर गेली खड्ड्यात. तळघर बंद झालं असतं, तर मी झोपणार कुठे होतो? वर ये म्हणून तू एकदाही म्हणाली नाहीस."

मी जाऊन त्यांच्या काखेतली उशी काढून घेतली आणि तिथेच उभी राहिले. डोळ्यांना पदर लावायचीही शुद्ध नव्हती.

तपासनीस बाईंना आणखी तीन घरं करायची होती. त्यांनी हळूच कागद पुढे सरकवला. एकच रकाना राहिला होता, तळघरात रात्री कोणी झोपणार आहे का.

"नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.